टपाच्या गळतीवर पॉलियुरेथेन सीलंट: एक पावसाळा काढल्यानंतर

गाडी अकरा वर्षांची हॅचबॅक, आम्ही चिपळूणचे, आणि पार्किंग उघड्यावर. २०२४च्या जुलैत डाव्या पुढच्या सीटखालचा गालिचा ओला लागला. पहिल्या दिवशी वाटलं, कुणाच्या छत्रीचं पाणी असेल. चौथ्या दिवशी पाय ठेवला की पचपच. आठवड्याभरात असा कुबट वास सुटला की आई म्हणाली, "मी आपली एसटीने जाते."

एका गॅरेजने एसीची निचऱ्याची नळी साफ केली, दुसऱ्याने दाराचं रबर बदललं. पैसे गेले, पाणी जागच्या जागी. एसीची शंका खरं तर माझी मलाच फिटायला हवी होती. चार दिवस गाडी नुसती उभी होती, तरी गालिचा भिजतच होता.

मग घरीच होजपाइप काढला. बायको बाहेर, मी आत टॉर्च घेऊन. धार जोराची नको, नुसतं पाणी ओघळू द्यायचं, आणि सुरुवात खालून. आधी दार, मग पुढच्या काचेची खालची कड, मग तिच्या बाजू, टप सगळ्यात शेवटी. प्रत्येक जागेला दहा मिनिटं. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडून उतरतं आणि काही म्हणता काही कळत नाही. काचेशेजारच्या खांबाचं प्लॅस्टिक काढून आतल्या पत्र्यावर टाल्कम पावडर फासली होती. (आमच्या गाडीत तिथे एअरबॅग नाही. तुमच्यात असेल तर त्या प्लॅस्टिकला स्वतः हात लावू नका.) काच पास झाली. टपावर पाणी सोडल्यावर सातव्या मिनिटाला पावडरीत वरच्या कोपऱ्यातून एक करडी रेघ उतरायला लागली, मुंगी उतरावी तशी सावकाश. पाणी दिसत होतं पायाशी, शिरत होतं डोक्यावर.

टपाच्या दोन्ही कडांना लांब काळी पट्टी असते, तिच्याखाली खाच. टपाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा तिथे वेल्डिंगने जोडलेले असतात आणि जोडावर कारखान्यातलं सीलंट असतं. उन्हाने आणि हादऱ्यांनी ते तडकतं. पट्टी उचकटली तर खाली माती, कुजलेला पाला आणि पुढच्या टोकाला बोटभर लांबीची केसासारखी चीर. नखाने खरवडलं तर खाली गंज.

इथे मी घाण केली. हार्डवेअरच्या दुकानातलं साधं सिलिकॉन भरलं, ते व्हिनेगरसारख्या वासाचं. तीन आठवड्यांत त्याची साल निघाली. तो आंबट वास ॲसिडचा, उघड्या पत्र्यावर ते गंज वाढवतं. वर सिलिकॉनचा अंश राहिला की त्यावर दुसरं काही चिकटत नाही. पावसाळा ताडपत्रीखाली काढला. पुढे ते सिलिकॉन खरवडण्यातच एक अख्खा रविवार गेला.

२०२५च्या मेच्या पहिल्या आठवड्यात नीट काम केलं. पत्रा उघडा पडेपर्यंत घासला, गंजरोधक प्रायमर मारला, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून गाड्यांच्या बॉडीसाठीचं पॉलियुरेथेन सीलंट भरलं. हे हवेतल्या ओलाव्यावर सुकतं, पण भरताना पत्रा ठणठणीत कोरडा हवा. जाड थर आतपर्यंत सुकायला दोन-तीन दिवस लागतात. आमचं नशीब, कारण त्या वर्षी मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला.

पूर्ण पावसाळा गालिच्याखाली वर्तमानपत्र घालून ठेवलं होतं. ओलं झालं नाही. भिजलेला फोम मात्र आधीच बाहेर काढून आठवडाभर उन्हात वाळवावा लागला; वास गळतीचा नव्हे, त्या फोमचा असतो. आई आता बसते, पण दार उघडल्यावर आधी हुंगून बघते.

तक्रारी आहेत. पट्टी पूर्वीसारखी दबून बसत नाही, ऐंशीच्या पुढे शिट्टी वाजते. सीलंटचा जो भाग पट्टीबाहेर उघडा राहिला तो पिवळा पडलाय, त्यावर रंग मारायला हवा होता. टपाच्या आतल्या कापडावरचा डाग काही गेला नाही.

शेजाऱ्यांच्या सनरूफवाल्या गाडीलाही हेच लक्षण होतं, पण तिथे सनरूफच्या निचऱ्याची नळी तुंबलेली निघाली. अशा नळीत कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतल्या आत जोड सुटतो. गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी हळूहळू सरकवली, मोकळी झाली.

परवा उजवी पट्टी उचलून पाहिली. गळत नाही अजून, पण बारीक चिरा तिथेही आहेत. उरलेलं सीलंट ट्यूबमध्येच दगड झालंय, नवीन आणावं लागेल.