आंबोलीतला बर्ड वॉक, ककूवाल्यांनी डोळे झाकून बुक करावा

मेच्या शेवटी आंबोलीला एका होमस्टेतर्फे सकाळचा बर्ड वॉक केला, माणशी बाराशे, सहा ते साडेनऊ. पाचपैकी चार स्टार देतोय आणि ते चारही गाइड दादाचे आहेत, होमस्टेचे नाहीत.

मला ड्रोंगो ककू हवा होता (ककू म्हणजे कोकिळेच्या कुळातले पक्षी). हा दिसायला डिट्टो कोतवाल पक्षी (इंग्रजीत ड्रोंगो), काळाकुळकुळीत, शेपूट दुभंगलेली, त्यामुळे समोर बसलेला असला तरी आपण 'कोतवालच आहे रे' म्हणून पुढे जातो. दादाने आधी दुर्बीण खाली ठेवायला लावली आणि नुसतं ऐका म्हणाला. पाच-सहा सुरांची शीळ, प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा वर चढणारा. मग पक्षी सापडल्यावर स्कोप (स्टँडवरची मोठी दुर्बीण) लावून दिला, म्हणे रंग बघूच नका, चोच बघा. कोतवालाची चोच जाड आणि बुडाशी राठ केस, ह्याची बारीक आणि जराशी खाली वाकलेली. तो वळला तेव्हा शेपटीखालचे पांढरे पट्टे पण दिसले, मग काही शंकाच नाही. आणि एवढं कोतवालाचं सोंग घेऊन हा अंडी घालतो झुडपातल्या छोट्या बॅबलरच्या (सातभाईसारख्या पक्ष्याच्या) घरट्यात, कोतवालाच्या घरट्यात घालतो तो इंडियन ककू, जो कोतवालासारखा अजिबातच दिसत नाही, आता बोला!

बॅन्डेड बे ककूपण मिळाला. ह्याची शीळ चार सुरांची आणि इंडियन ककूचीही चार सुरांचीच, फक्त हा घाईत आणि चिरक्या आवाजात म्हणतो, तो संथ. दिसायला मात्र घोळ वेगळाच होतो, कारण ग्रे-बेलीड ककूची तांबूस मादी अशीच पट्ट्यापट्ट्यांची असते. दादाची खूण सोपी, पांढरी ठळक भुवई दिसली की बॅन्डेड बे. पावशा तर काय सगळीकडे कोकलत होताच.

अजून एक आवडलं म्हणजे विणीचा हंगाम म्हणून पक्ष्याला जवळ बोलवायला स्पीकरवर त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज लावणं पूर्ण बंद. आमच्यातल्या एकाने मोबाइल काढला तर दादाने हसत हसत पण ठामपणे खिशात ठेवायला लावला. फोटोवाले थोडे नाराज झाले, होऊ देत.

एक स्टार कापला कारण दहा जणांत एकच स्कोप, तुमची पाळी येईपर्यंत पक्षी उडालेला असतो, आणि परत आल्यावर पोहे गार. तुम्ही पाच-सहा जण असाल तर वेगळी बॅच मागा, थोडे जास्त घेतात पण देतात. जून लागला की धुकं आणि जळवा दोन्ही सुरू होतात त्यामुळे मेच बरा. बुकिंगला फोनच करा, मेसेजला उत्तर दोन दिवसांनी येतं.