जुना शिळाछाप फ्रेम करायचा असेल तर याच काकांकडे द्या

माझ्याकडे ओनोरे दोमिए या फ्रेंच व्यंगचित्रकाराचा एक मूळ शिळाछाप, म्हणजे दगडावर काढून छापलेलं चित्र (लिथोग्राफ), आहे. १८४५ ते १८४८ मध्ये पॅरिसच्या ‘ल शारिवारी’ या दैनिकात त्याची कोर्टावरची चित्रमालिका येत होती, त्यातलं हे पान. काळ्या झग्यातले दोन वकील आपसात बोलतायत आणि पक्षकार त्यांच्या तोंडाकडे बघत उभा. मी वकिली करते. हा पक्षकार मला कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात रोज भेटतो, म्हणून ते ऑफिसात लावायचं होतं.

आधी विचारलेल्या दुकानात म्हणाले, पान काचेला टेकवून मागे प्लायवूड ठोकू, चिकटपट्टी लावू. आपल्याकडच्या पावसाळ्यात अशी फ्रेम म्हणजे कागदाचं मरण. आत ओल धरते, कागद काचेला डकतो, पट्टीचे पिवळे डाग पडतात ते जात नाहीत.

राजारामपुरीतल्या या काकांनी आधी हात धुतले. पान उजेडाला धरलं, पाठीमागचा फ्रेंच मजकूर बघितला आणि म्हणाले, “मॅडम, हे झाकायचं नाही. मागं पण काच घालूया.” मला इथेच भरून आलं. हेच चित्र चांगल्या पांढऱ्या कागदावर वेगळं छापून विकत, त्याची पाठ कोरी असते. माझं पान लोकांनी चहाकॉफीबरोबर वाचलेल्या अंकातलं आहे, याचा पुरावा तो मजकूरच.

राजा लुई फिलिपला खादाड राक्षस म्हणून काढल्याबद्दल दोमिए तुरुंगात गेला. १८३५ च्या कायद्याने राजकीय व्यंगचित्रांवर सेन्सॉर बसला, तेव्हा तो घरमालक, भाडेकरू, आगगाडीचे प्रवासी आणि वकील यांच्याकडे वळला. लहानपणी तो कोर्टाच्या बेलिफाकडे पोऱ्या होता. वकिलांच्या खांद्यांची ती ऐट त्याने तेव्हाच बघून ठेवली असणार. दगडावर तेलकट खडूने ओढलेली त्याची रेघ आता दोन्ही बाजूंच्या काचांमध्ये स्वच्छ दिसते.

काकांनी आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीचा, कागद पिवळा न पाडणारा पुठ्ठा) वापरला, कागद आणि काच यांच्यात फट ठेवली आणि पान गव्हाच्या खळीने, जपानी कागदाच्या बारीक पट्ट्यांवर फक्त वरून टांगलं. उद्या काढायचं म्हटलं तर पाण्याच्या बोटाने सुटेल.

साध्या फ्रेमपेक्षा खर्च बराच जास्त येतो आणि सांगितलेल्या तारखेला काम मिळत नाही, फोन करत राहावं लागतं. ऊन रोखणारी काच मुद्दाम मागवावी लागते, ती आधीच सांगून ठेवा. संध्याकाळी गाडी लावायला जागा नसते, सकाळी जा.