समाजशास्त्राची पिवळी गाईड: 'सामाजिक विचलन' प्रकरणापुरतं परीक्षण

विदर्भात तालुक्याच्या गावी बी.ए.ला समाजशास्त्र घेणाऱ्या बहुतेक मुलामुलींकडे ही पिवळ्या कव्हरची गाईड असते. स्टँडसमोरच्या दुकानांत ती दीडशेच्या आसपास मिळते आणि कॉलेजच्या ग्रंथालयात मूळ ग्रंथ नसले की तीच ग्रंथ होऊन बसते. म्हणून तिच्यातल्या एकाच प्रकरणाकडे इथे बारकाईने पाहिलं आहे. विचलनाचं, म्हणजे समाजाचे नियम मोडणाऱ्या वागण्याचं, प्रकरण परीक्षेला महत्त्वाचं आहेच, शिवाय गाईड सर्वांत जास्त घसरते तीही इथेच.

आधी चांगलं ते सांगू. भाषा सुटसुटीत आहे, टाइप मोठा आहे. गुन्हा कुठल्याच समाजातून पूर्ण नाहीसा होत नाही आणि शिक्षेमुळे बाकीच्यांना नियमाची जाणीव पक्की होते, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमचं १८९५ चं म्हणणं नीट उतरलं आहे. माणसाला समाजाशी जोडून गुन्ह्यापासून रोखणारे हिर्शीचे १९६९ चे चार बंध (जिव्हाळा, बांधिलकी, सहभाग, श्रद्धा) अर्ध्या पानात बसवलेत, ते तसेच पाठ करायला हरकत नाही. गुन्हा सहवासातून शिकला जातो असं सांगणाऱ्या सदरलँडची विधानं मात्र सातच दिली आहेत. १९४७ च्या मांडणीत ती नऊ आहेत आणि गाळलेल्यांत नेमकं नववं आहे. त्याचा आशय असा: पैशाची गरज चोरालाही असते आणि इमानदार मजुरालाही, तेव्हा नुसत्या गरजेने गुन्ह्याचा उलगडा होत नाही. हे विधान गेलं की उत्तरपत्रिकेत 'गरिबीमुळे गुन्हे होतात' हे वाक्य शिरतं, आणि ते सदरलँडच्या नावावर खपतं.

समाजाने ठरवलेलं ध्येय आणि ते गाठायचं मान्य साधन माणूस स्वीकारतो (+) की नाकारतो (−), हे दाखवणाऱ्या मर्टनच्या तक्त्यात सरळ छपाईची चूक आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीतली चिन्हं उलटी पडली आहेत. पेन्सिलने असं करून घ्या: अनुरूपता ध्येय +, साधन +, नवप्रवर्तन ध्येय +, साधन −, कर्मकांड ध्येय −, साधन +, पलायन दोन्ही −, बंडखोरी दोन्हीकडे ±, कारण बंडखोर जुनं नाकारतो आणि त्या जागी नवं मांडतो. चिन्हं उलटी राहिली तर नियमाला चिकटून बसलेला कारकून नवप्रवर्तनाच्या खात्यात जातो आणि बोगस माल विकणारा कर्मकांडाच्या.

उदाहरणं गाईडने अमेरिकेतली दिली आहेत. आपल्याकडे कापसाच्या बियाण्याचं उदाहरण चपखल बसतं. मान्यता नसलेलं, तणनाशक सहन करणारं एचटीबीटी बियाणं रात्री गाडीतून आणून विनाबिलाचं विकणारा माणूस नवप्रवर्तनात मोडतो, कारण त्याला पैसा हवा आहे आणि मार्ग बेकायदा आहे. पण जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने तेच बियाणं जाहीर करून, लोकांसमोर पेरलं. तेव्हाच्या पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता, तो माहीत असताना पेरलं. लपून नियम मोडणारा आणि नियमच चुकीचा आहे असं उघड सांगून मोडणारा, यांत मर्टन स्पष्ट फरक करतो. बियाणं एकच, पण तक्त्यातली ओळ बदलून बंडखोरीची झाली. असं एक उदाहरण घातलं की तक्ता समजला आहे हे तपासणाऱ्याला लगेच कळतं.

आत्महत्येच्या उपप्रकरणात गाईड लिहिते की शेतकरी आत्महत्या प्रमाणकशून्य (नियम आणि अपेक्षांची घडी विस्कटल्याने होणाऱ्या) प्रकारात येतात, 'कारण गरिबी'. दुर्खीमने १८९७ मध्ये जवळजवळ याच्या विरुद्ध लिहिलं आहे. गरिबी माणसाच्या अपेक्षांना बांध घालते असं तो मानत होता. त्याचा भर होता एकदम घडणाऱ्या उलथापालथीवर, मग ती मंदी असो की भरभराट. आपल्या भागाबद्दल लिहायचं तर भाव, उत्पादनखर्च आणि कर्ज यांच्या अचानक बिघडणाऱ्या गणिताबद्दल लिहावं लागेल. शिवाय आकडे कसे तयार होतात हेही सांगावं लागेल. मदतीसाठी सरकार दरबारी प्रत्येक प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरतं. ते ठरतं जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कुठलं, थकीत आहे का, या कागदांवर. सातबारा सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर आणि शेत कसणारी बाई, अशा घरात हे कागद जुळवणं किती अवघड जातं हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. सरकारी आकडेवारी ही आधी नोंद करणाऱ्या यंत्रणेच्या कामाची आकडेवारी असते, हा किटस्यूज आणि सिकुरेल या समाजशास्त्रज्ञांचा १९६३ चा मुद्दा इथे जिवंत दिसतो. गाईडमध्ये त्यांचं नावही नाही.

आता लेबलिंग, म्हणजे समाज माणसावर 'विचलित' असा शिक्का मारतो हा सिद्धांत. बेकरच्या १९६३ च्या मांडणीचा गाभा गाईड एका ओळीत देते, की कृत्य मुळात विचलित नसतं, समाज त्याला तसं ठरवतो, आणि लगेच शिकागोच्या गांजा ओढणाऱ्यांकडे वळते. त्यापेक्षा वर्धा नदी घ्या. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. त्या सहा वर्षांत यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या परवानाधारक दुकानातली बाटली नदी ओलांडून चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याला आली की गुन्ह्याचा मुद्देमाल व्हायची. वर्धा जिल्ह्यातलं पुलगाव आणि नदीपलीकडचं अमरावती जिल्ह्यातलं धामणगाव यांच्यात आजही तेच आहे. इथे एक खबरदारी घ्या. मोहाच्या हातभट्टीचं उदाहरण असं वापरू नका, कारण विनापरवाना गाळणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने बंदी नसलेल्या यवतमाळातही गुन्हाच आहे. चंद्रपूरच्या बंदीसाठी झगडलेल्या बायांना बेकरच्या भाषेत 'नैतिक उद्योजक' म्हणता येतं. नियम कोणी घडवून आणला एवढंच त्यातून कळतं. त्यांचा त्रास खोटा होता असा अर्थ निघत नाही, आणि गाईडमधलं वाक्य तसा अर्थ काढायला वाव देतं.

नियम मोडला की नाही आणि मोडला असं लोक मानतात की नाही, यावर बेतलेला बेकरचा चार घरांचा तक्ता गाईडने नुसत्या व्याख्यांवर उरकला आहे. घरं भरून पाहा. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला जाते. तांब्यासाठी ती कापणारा गावातल्याच वजनदार घरचा असेल आणि कोणी संशयही घेत नसेल, तर तो 'गुप्त विचलित'. त्याच रात्री पारधी बेड्यावरचा (वस्तीवरचा) पोरगा उचलला जातो, त्याने काही केलेलं नसतं, तो 'खोटा आळ' या घरात. करणी करते म्हणून गावाने वाळीत टाकलेली बाई याच घरातली, आणि तिच्या बाबतीत तर मूळ कृत्यच अस्तित्वात नाही. असा आळ घेणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे उत्तरात जरूर लिहा. उरलेली दोन घरं, नियम पाळणारा आणि मोडताना पकडला गेलेला, सोपी आहेत.

सगळ्यांत गंभीर गोष्ट याच्या पुढच्या पानावर आहे. 'गुन्हेगारीची कारणे' या यादीत गाईड छापते की काही जमाती परंपरेने गुन्हेगार असतात, आणि कंसात पारध्यांचं नाव देते. लेबलिंगचा सिद्धांत शिकवणाऱ्या प्रकरणातच तो शिक्का पुन्हा मारला आहे. हे वाक्य १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची भाषा आहे. तो कायदा १९११ मध्ये देशभर लागू करता येईल असा झाला. त्याखाली जन्मावरून नोंद व्हायची, हजेरी द्यावी लागायची, परवान्याशिवाय मुक्काम हलवता येत नसे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे मागोमाग आले, मुंबई राज्याचा १९५९ चा.

लेमर्टचा १९५१ चा प्राथमिक (शिक्का बसण्याआधीचं) आणि दुय्यम (शिक्का बसल्यामुळे घडणारं) विचलनाचा क्रम याच इतिहासावर लावून लिहायला हवा: नोंद, हजेरी, काम नाकारलं जाणं, जागा न मिळणं, प्रत्येक चोरीत आधी बेड्यावर झडती, आणि शेवटी त्या ओळखीभोवतीच आयुष्य बेतावं लागणं. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतला असा जातीय भेद सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवला, हे नव्या आवृत्तीत यायला हवं होतं. ही गाईड वापरणाऱ्या वर्गात बेड्यावरून आलेली मुलगी बसलेली असू शकते आणि तिने ते वाक्य पाठ करून गुण मिळवावेत अशी अपेक्षा हे पान करतं. प्राध्यापकांनी ते वाक्य वर्गात खोडायला लावावं आणि प्रकाशकाला लेखी कळवावं.

या सिद्धांतावरची टीका गाईडने गाळली आहे. शिक्का बसण्याआधी पहिलं कृत्य का घडलं, हे लेबलिंग सांगत नाही; त्यासाठी मर्टन आणि सदरलँड लागतात. एवढ्या दोन ओळी शेवटी जोडा.

हिर्शीसाठी आणि दुर्खीमच्या गुन्ह्याबद्दलच्या म्हणण्यासाठी गाईड घ्यायला हरकत नाही. मागच्या वर्षीची जुनी प्रत निम्म्या किमतीत मिळत असेल तर तीच घ्या, या प्रकरणात दोन्ही आवृत्त्यांत अक्षराचाही फरक नाही. लेबलिंगची पानं मात्र झेरॉक्स करून वाटू नका.