पुडी मागितली, बाटली गळ्यात मारली

आमचा दीड एकर ऊस उरुळीकडे. यंदाच्या लागणीत लव्हाळा, म्हणजे जमिनीत गाठ धरणारं तण, असा माजला की सरी कुठली नि वरंबा कुठला कळेना. खुरपून काही होत नाही. वरची पात निघते, खालची गाठ राहते, आठ दिवसांत पुन्हा हिरवंगार. यावर हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के डब्ल्यूजी (पाण्यात विरघळवायचं दाणेदार तणनाशक) चालतं, एकरी ३६ ग्रॅम, एवढं माहीत होतं. तीच पुडी आणायला पुण्यात गेलो.

दुकानदार म्हणाला, "दादा, पुडी जुनी झाली. तेच औषध आता लिक्विडमध्ये आलंय. पाच दिवसांत रिझल्ट, पैसे निम्मे." बाटलीवर हिरवं पान आणि 'ऑरगॅनिक तणनाशक'. तिथेच उठायला हवं होतं. हॅलोसल्फ्युरॉन सावकाश गाठीपर्यंत उतरतं, लव्हाळा पुरता बसायला दोन-तीन आठवडे लागतात. पाच दिवसांची भाषा त्याची नव्हेच. पण 'निम्मे' हा शब्द कानाला गोड लागला, खोटं कशाला बोलू?

झाकण उघडल्याबरोबर उग्र वास. बादलीत ओतलं तर पाणी दुधासारखं पांढरं. असं दूध ईसी औषधाचं होतं, म्हणजे तेलकट द्रावणाचं. तरी फवारलं. ऊन चांगलंच तापलं होतं, वारंही होतं.

सहाव्या दिवशी लव्हाळा पिवळा पडला. घरी सगळे खूश. आणि दोन दिवसांनी शेजारच्या काकू बांधावर. "अरे, माझ्या टोमॅटोला काय करून ठेवलंस?" शेंडे पिळवटलेले, पानं वाटीसारखी वळलेली. हे टू-फोर-डी नावाच्या दुसऱ्याच तणनाशकाचं लक्षण. त्याचे दोन प्रकार: इथाईल एस्टर उन्हात वाफ होऊन शेजारच्या रानात जातं, अमाईन सॉल्ट त्या मानाने फार कमी उडतं. पंधराव्या दिवशी एक लव्हाळा उकरला. वरची पात करपलेली, खाली गाठ टणक, बाजूने पांढरा टोकदार कोंब.

मग बाटली नीट वाचली. घटकाचं नाव नाही, टक्केवारी नाही, चौकोनातला रंगीत त्रिकोण नाही, सीआयआरने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नाही. तणनाशकंही १९६८च्या कीटकनाशक कायद्यातच येतात, 'ऑरगॅनिक' लिहिलं म्हणून सुटका नाही. दुकानात पैसे देण्याआधी हे वाचायला एक मिनिट लागतं. मी ते बांधावर बसून वाचलं.

तालुक्याच्या कृषी कार्यालयात पहिला प्रश्न: पक्कं बिल? माझ्याकडे चिठ्ठी, तीवर 'औषध १ नग'. दुसरा: सीलबंद बाटली आहे का? फोडलेल्या बाटलीतल्या नमुन्यावर केस उभी राहत नाही म्हणाले. आत नेमकं काय होतं ते त्यामुळे कागदावर कधीच येणार नाही. दुकानात परत गेलो तर, "असला माल आम्ही ठेवतच नाही."

काकूंना टोमॅटोचे पैसे मी दिले, हप्त्याने. आता पुडी आणलीय, बॅच नंबर लिहिलेल्या बिलासकट. लव्हाळ्याच्या नव्या फुटव्याला तीन-चार पानं आली की सकाळच्या थंडाव्यात मारणार. काकू त्या दिवशी बांधावर खुर्ची टाकून बसणार आहेत म्हणे.