प्रॉक्समॉक्स व्हीई : आतले काम उघड ठेवणारी व्हर्च्युअलायझेशन प्रणाली

एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र संगणक) चालवण्यासाठी उपलब्ध असलेल्या प्रणालींपैकी प्रॉक्समॉक्स व्हीई मला सर्वांत अधिक पटते, आणि ते तिच्या सुविधांपेक्षा तिच्या रचनेमुळे. डेबियन लिनक्सवर उभी असलेली ही प्रणाली २००८ पासून उपलब्ध आहे. तिने स्वतःचा हायपरव्हायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा मूळ थर, लिहिलेला नाही. २००७ साली लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) दाखल झालेले केव्हीएम आणि त्याच्या जोडीला हार्डवेअरची नक्कल करणारा क्यूएमू हा प्रोग्राम हेच ती वापरते.

या जोडीतील कामाची वाटणी पाहण्यासारखी आहे. व्हर्च्युअल मशीनमधील बहुतेक सूचना इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरवर थेट, पूर्ण वेगाने चालतात. मात्र त्या मशीनने हार्डवेअरला हात घालणारी एखादी कृती केली की प्रोसेसर तिला थांबवून ताबा केव्हीएमकडे देतो आणि डिस्क किंवा नेटवर्क कार्डाची नक्कल करायची असेल, तर ते काम पुढे क्यूएमूकडे जाते. अशा प्रत्येक फेरीला वेळ लागतो. म्हणूनच जुन्या कार्डांची हुबेहूब नक्कल करण्याऐवजी, सामायिक मेमरीतील रांगेतून अनेक मागण्या एकदम पुढे पाठवणारी व्हर्टआयओ उपकरणे निवडावीत. लिनक्समध्ये त्यांचे ड्रायव्हर आधीपासून असतात, विंडोजमध्ये मात्र ते स्वतंत्रपणे बसवावे लागतात. नवख्या वापरकर्त्याचा वेळ बहुधा इथेच जातो.

येथे प्रत्येक व्हर्च्युअल मशीन ही लिनक्सची एक साधी प्रोसेस (चालू प्रोग्राम) असते आणि तिचा प्रत्येक व्हर्च्युअल प्रोसेसर हा त्या प्रोसेसमधील एक थ्रेड (स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) असतो. त्यामुळे एखादे मशीन मंदावले, तर लिनक्सची नेहमीची साधने लावून कारण शोधता येते, आणि प्रॉक्समॉक्सच्या वेब पानावर केलेल्या निवडींतून क्यूएमूची नेमकी कोणती आज्ञा तयार झाली, तीही जशीच्या तशी पाहता येते. दोष शोधणाऱ्या माणसासाठी ही पारदर्शकता फार मोलाची आहे.

चालू मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवताना तिची मेमरी आधी कॉपी होते, दरम्यान बदललेली पाने (मेमरीचे छोटे तुकडे) पुन्हा पाठवली जातात आणि शेवटी क्षणभरच मशीन थांबते. त्यासाठी प्रोसेसरचा प्रकार विचारपूर्वक ठरवावा लागतो: ‘होस्ट’ हा पर्याय प्रोसेसरच्या सर्व क्षमता मशीनला देतो, पण दोन सर्व्हरचे प्रोसेसर वेगळ्या पिढीचे असतील, तर असे स्थलांतर भरवशाचे राहत नाही. एलएक्ससी कंटेनर (सर्व्हरचाच लिनक्स कर्नल वापरणारी, व्हर्च्युअल मशीनपेक्षा हलकी वेगळी वातावरणे) हलवताना तर ते बंद करून पुन्हा सुरू करावेच लागतात.

सॉफ्टवेअर मोफत व खुले आहे. अधिक तपासलेल्या अद्यतनांसाठी आणि मदतीसाठी प्रोसेसर सॉकेटच्या संख्येनुसार वार्षिक वर्गणी आहे, आणि ही व्यवस्था मला रास्त वाटते. २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही व्हर्च्युअलायझेशन क्षेत्रातील कंपनी घेतल्यानंतर तिकडचे कायमस्वरूपी परवाने बंद झाले. तिथून येणाऱ्यांसाठी प्रॉक्समॉक्सच्या ८.२ या आवृत्तीपासून ईएसएक्सआय या व्हीएमवेअरच्या हायपरव्हायझरवरील मशीन थेट आयात करण्याची सोय आहे.

क्लस्टरबाबत, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरच्या गटाबाबत, मात्र सावध राहावे. दोनच सर्व्हर जोडले आणि त्यांतील एक बंद पडला, तर उरलेल्याकडे गटातील मतांचे (प्रत्येक सर्व्हरचे एक मत) बहुमत राहत नाही. चालू मशीन चालत राहतात, पण संरचनेच्या फायली केवळ वाचण्यापुरत्या उरतात आणि नवे मशीन सुरू करता येत नाही. तिसरा सर्व्हर घेणे शक्य नसेल, तर मतापुरते एखादे छोटे यंत्र तरी क्यूडिव्हाइस म्हणून सुरुवातीलाच जोडावे.