रात्रीच्या फोटोतला फ्लेअर: काढतानाच टाळावा की नंतर ॲपने पुसावा?

मोबाइलवर रात्री फोटो काढला की दिवे दोन तऱ्हांनी घोळ घालतात, यालाच फ्लेअर म्हणतात. एक म्हणजे धूसरपणा: दिव्याभोवती दुधाळ वलय, लांब पट्टे, सगळा फोटो फिका. दुसरे म्हणजे काळ्या आकाशात उगाच दिसणारे हिरवट ठिपके. तुमचा त्रास यातला कोणता, हे आधी बघा. दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे.

धूसरपणासाठी ॲपच्या नादी लागूच नका. तो बहुधा कॅमेऱ्याच्या काचेवरच्या तेलकट बोटांच्या डागांमुळे येतो, आणि मरीन ड्राइव्ह किंवा वरळी सी-फेसला खाऱ्या वाऱ्याची भर पडते. पावसाळ्यात एसी लोकलमधून उतरल्या उतरल्या काचेवर बाष्प धरतं, तेव्हा दोन मिनिटं थांबावं. ॲपमधलं 'डीहेझ', म्हणजे धूसरपणा घालवायचं साधन, कॉन्ट्रास्ट वाढवतं खरं, पण विखुरलेल्या प्रकाशाखाली गेलेला चेहरा परत आणत नाही; उलट रात्रीच्या फोटोतला दाणेदारपणा वर येतो. चष्म्याचं मऊ कापड फुकटात जास्त काम करतं. फक्त एकाच दिशेने ओढून पुसू नका. तेलाच्या बारीक रेघा राहतात आणि दिव्यातून त्या रेघांना काटकोनात पट्टे फुटतात.

कॅमेऱ्यावर वेगळी चिकटवलेली प्रोटेक्टर काच असेल तर ती काढावी, असं माझं स्पष्ट मत आहे. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो, म्हणजे तुम्ही असे दोन पृष्ठभाग वाढवून घेतलेले असता. फोन सतत हातातून पडत असेल तर काच ठेवा, पण मग रात्रीच्या फोटोंकडून अपेक्षा कमी ठेवा. मूळ काचेलाच चरे पडले असतील तर पुसून भागणार नाही. ती काच दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्यावी लागते.

आता ठिपके. नवा, महाग फोन घेतला तरी ते पूर्ण जात नाहीत, कारण दिव्याचा प्रकाश सेन्सर आणि लेन्सच्या काचांमध्ये उलटसुलट परावर्तित होऊन ते तयार होतात. त्यांची जागा मात्र ठरलेली असते: फ्रेमच्या मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे, दिव्याच्या समोरासमोर. म्हणून मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची कमान खाली डावीकडे घेतली की वर उजवीकडे आकाशात ठिपक्यांची उलटी कमान उमटते. हे एकदा लक्षात आलं की ठिपका कुठे पाडायचा, ते तुमच्या हातात येतं. दिवा एकच असेल तर तो मधोमध घ्या, ठिपका त्याच्यातच लपतो. नाहीतर फोन किंचित कलवून ठिपका चेहऱ्यावरून मोकळ्या आकाशात सरकवा. दिवा फ्रेमबाहेर असूनही प्रकाश आत येत असेल तर हाताचा आडोसा पुरतो.

आकाशातला ठिपका नंतर पुसायला ॲप उत्तम. गूगल फोटोजमधलं 'मॅजिक इरेझर' २०२१ मध्ये गूगलच्याच पिक्सेल ६ फोनसोबत आलं आणि २०२४ पासून इतर फोनवरही मोफत मिळतं. आयफोनमधलं 'क्लीन अप' मात्र ॲपल इंटेलिजन्स (ॲपलची एआय सुविधा) चालणाऱ्या मॉडेलवरच आहे. स्नॅपसीड या ॲपमधलं 'हीलिंग' साधं आहे, पण काळ्या आकाशाला तेवढं पुरतं. पण हाच ठिपका सीएसएमटीच्या कोरीव दगडावर पडला असेल तर ॲप तिथे स्वतःच्या मनाने नक्षी भरतं. त्या वास्तूवर जीव असणाऱ्याला ते लगेच खटकतं, मलाही खटकतं. पाण्यातली दिव्यांची खरी प्रतिबिंबंही घाईत पुसली जातात, तिथे जपून.

नाइट मोडबद्दल थोडकं: तो अंधाऱ्या भागांसोबत ठिपकेही उजळवतो. दिवे भरपूर असतील, जसे गणपतीतल्या रोषणाईत, तर तो बंद करा, स्क्रीनवर दिसणाऱ्या दिव्यावर बोट टेकवा आणि उजेड खाली ओढा.

विसर्जनाचा किंवा सी-लिंकवरच्या गाड्यांचा व्हिडिओ घ्यायचा असेल तर निवडीचा प्रश्नच नाही. तिथे ठिपके हलत राहतात आणि फोटोंची ही इरेझरं चालत नाहीत, त्यामुळे काच पुसणं आणि फोनचा कोन सांभाळणं, एवढंच हाताशी उरतं.