विकायचं घर, फरशी आणि माझा झालेला पोपट

घर विकायच्या आधी जुनी फरशी बदलून टाकू, बघायला येणाऱ्यावर जरा इम्प्रेशन पडेल, एवढाच विचार होता. पण कॉन्ट्रॅक्टरला पहिल्याच भेटीत बोलून बसलो, "आपल्याला कुठे राहायचंय इथे, विकायचंच तर आहे." हे वाक्य चुकूनही तोंडातून काढू नका.

सॅम्पल त्याने डबल चार्ज व्हिट्रिफाइडचं (म्हणजे जवळजवळ पाणी न शोषणारी घट्ट टाइल, वर रंगाचा जाड थर) दाखवलं, कडेला रंगाचा ३-४ मिमीचा थर स्पष्ट दिसत होता, रेटही त्याचाच ठरला. नंतर ऑफिसच्या गडबडीत चार दिवस साइटवर गेलोच नाही आणि गेलो तेव्हा निम्मा हॉल बसवून झालेला, टाइलची खोकी गायब. चकाचक दिसत होतं म्हणून मीही खूश (मूर्खच मी). जुनी फरशी उखडलीच नाही, तिच्यावरच चिकटवली, "तोडफोड वाचली साहेब" म्हणे, पण तोडून डबर उचलायचे पैसे बिलात होतेच, वर उंची वाढली म्हणून सगळे दरवाजे खालून घासायला लागले, ते तासून घ्यायचा खर्च वेगळा.

घर बघायला पहिलेच जे काका आले त्यांनी खिशातून नाणं काढलं आणि फरशीवर ठकठक करत फिरायला लागले. मधे ठीक, कोपऱ्यात ढब् ढब्. खाली चार ठिकाणी अॅडेसिव्हचे गोळे ठेवून टाइल दाबली होती, कोपरे पोकळ. मग बाल्कनीच्या उंबऱ्याशी वाकले, तिथे कापलेली कड उघडी होती, नखाने खरवडून म्हणाले, "हे बघा, आत लाल माती. साधी सिरॅमिक आहे ही." मी काय बोलणार?

ते गेल्यावर उरलेली एक टाइल उलटी करून पाठीवर पाणी टाकलं, बघता बघता शोषलं गेलं. व्हिट्रिफाइड वजनाच्या ०.५ टक्क्यापर्यंतच पाणी पिते, तिच्यावर थेंब तसाच बसून राहिला असता. हे दोन मिनिटांचं काम बसवायच्या आधी केलं असतं तर! खोकी सीलबंद असतानाच त्यांच्यावरचा प्रकार, शेड आणि बॅच नंबर बघून फोटो काढा, कोटेशनमध्ये नुसतं 'टाइल्स' असेल तर प्रकार लिहून घ्या, आणि नाणं वाजवून बघेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. मी सगळा देऊन मोकळा झालो होतो.

कॉन्ट्रॅक्टरला फोन केला तर शांतपणे म्हणतो, "साहेब, तुम्हीच म्हणालात ना, विकायचंच आहे."